एफ कॉर्ड आणि तुझी बोटं

प्रिय बाळा,

काल फोन ठेवता ठेवता गिटारच्या एफ कॉर्डबद्दल, म्हणजे त्या एकत्र वाजवायच्या सुरांच्या जुळणीबद्दल, तू म्हणालीस, "आई, माझी बोटंच आखूड आहेत, एफ मला कधी जमायचा नाही." मी त्यावर काहीच बोलले नाही. हेच वाक्य मी एकोणिसाव्या वर्षी बोलले होते आणि त्यानंतर माझी गिटार कपाटावर गेली ती गेलीच. रात्रभर तेच मनात घोळत होतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

माझी गिटार क्लासिकल होती, नायलॉनच्या तारांची. आवाज लहान येतो म्हणून विकणाऱ्यानेच तिच्यावर स्टीलच्या तारा चढवून दिल्या. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण ७० किलोच्या आसपास असतो आणि नायलॉनचा त्याहून कितीतरी कमी, हे मला कुठून माहीत असणार? क्लासिकलची वरची फळी एवढ्या ओढीसाठी बनवलेलीच नसते. काही महिन्यांत ब्रिजपाशी, म्हणजे तारा खाली जिथे बांधतात तिथे, फळी फुगली, तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांपासून, वर उचलल्या गेल्या आणि मी रोज बोटं सोलून घेत राहिले. शिकवणारे म्हणाले, तुझा हात या वाद्याचा नाही. मी ते खरं मानलं. कितीतरी वर्षांनी तुझी पहिली गिटार दाखवायला नेली, तेव्हा सोबत माझीही नेली होती. कारागिराने ती डोळ्यासमोर आडवी धरली आणि म्हणाला, हिच्यावर बार कॉर्ड, म्हणजे एफसारखा तर्जनी तारांवर आडवी टाकून धरायचा कॉर्ड, कुणालाच धरता आला नसता. मला तिथेच रडू आलं.

म्हणून हाताला दोष देण्याआधी तुझी गिटार तपास. एफचाच आकार पाचव्या फ्रेटवर धरून बघ. तिथे तो ए होतो. तो बऱ्यापैकी वाजला आणि पहिल्या फ्रेटवरचा मात्र मरतोय, असं झालं तर अडचण बहुतेक नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत, आहे. नटच्या खाचा पुरेशा खोल नसल्या की पहिल्या फ्रेटवर तार दाबायला फार जोर लागतो, वर सूरही चढा लागतो. हे पाहायची सोपी युक्ती आहे. एकेक तार तिसऱ्या फ्रेटवर दाब आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट उरते ते बघ. कागद जेमतेम सरकेल एवढीच असावी. मग १२व्या फ्रेटवर सहाव्या, म्हणजे सर्वांत जाड, तारेची उंची मोज. अडीच मिलिमीटरच्या आसपास असेल तर ठीक, तीनच्या वर गेली असेल तर ती खाली आणून घे. कानशीने नट स्वतः घासू नकोस, मान सरळ ठेवणारा आतला रॉडही पिळू नकोस. खाच जरा जास्त खोल गेली तर मोकळी तार झणझणायला लागते आणि अख्खा नट बदलावा लागतो.

तारांचंही बघ. तुझ्या गिटारवर बहुधा बाराच्या आहेत, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच जाडीची. दहाच्या लाव. आवाज थोडा पातळ होईल, पण डाव्या हाताला दिलासा मिळेल. ताण कमी झाला की मान किंचित सरळ होते आणि कुठे कुठे तार फ्रेटला लागते, म्हणून हे काम नटसोबतच कारागिराकडून करून घे.

आता बोटांचं. एफमध्ये तर्जनीने सहाही तारा दाबायच्या असं सगळ्यांना वाटतं, आणि तिथेच सगळा जोर वाया जातो. नीट बघ: पाचवी तार अनामिकेकडे, चौथी करंगळीकडे, तिसरी मधल्या बोटाकडे. तर्जनीच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच उरतात. मधे ती सैल पडली तरी काही बिघडत नाही. तिला किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती कर, म्हणजे मऊ मांसाऐवजी हाडाची कड तारेवर येईल. फ्रेटच्या अगदी लगत ठेव. अंगठ्याने चिमटा काढल्यासारखं दाबू नकोस. उजव्या कोपराने गिटार छातीशी धरून ठेव आणि डावा हात दंडाच्या वजनाने मागे ओढ. मनगट दुखलं किंवा बोटांना मुंग्या आल्या तर लगेच थांब. बोटांच्या टोकांची आग वेगळी, ती घट्टे पडले की जाते.

तोवर चार तारांचा छोटा एफ खुशाल वाजव. ती पळवाट नाही. १९२८च्या आगीत जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवादकाच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी झाली. हात बदलता येत नव्हता, म्हणून त्याने कॉर्डच बदलले, आणि उरलेल्या बोटांनी तो जे वाजवून गेला ते लोक अजून शिकतात.

इलेक्ट्रिक घेऊ का, असंही विचारलं होतंस. तुझ्या कानात जो आवाज घोळतो तो इलेक्ट्रिकचा असेल तर जरूर घे. तिच्या तारा नऊच्या किंवा दहाच्या असतात, हाताला हलक्या. घरात वाजवायला लहानसा, हेडफोन लागणारा अ‍ॅम्प पुरतो. पण एफ जमत नाही म्हणून घेऊ नकोस. वाद्य एकदा नीट लावून घेतलं की त्यापुढे नवीन गिटार, पेडल, महाग पिक यांतलं काहीही तुझ्याऐवजी कॉर्ड बदलणार नाही. तारा सुरात लावायला क्लिपचा ट्यूनर मात्र हवाच. बेसूर गिटारवर केलेला रियाज कान बिघडवतो, असं माझं ठाम मत आहे.

रियाज रोज कर, थोडाच कर. रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा-पंधरा मिनिटं दोनदा बसलेलं बरं, कारण हात दोन बैठकांच्या मधल्या वेळातही शिकत असतो. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर लाव, चार ठोक्यांना एकच स्ट्रोक मार, आणि सी ते एफ एवढाच बदल घे. पहिल्या ठोक्याला चारही बोटं एकदम उतरली पाहिजेत. एकेक करून उतरत असतील तर वेग आणखी कमी कर, चाळीसवर आण. संथ वाजवताना कंटाळा येईल, मला माहीत आहे. पण चुकत चुकत जोरात वाजवलं तर हाताला तीच चूक पाठ होते आणि ती पुसायला दुप्पट दिवस लागतात. रोज शेवटी एक मिनिट घड्याळ लावून किती बदल स्वच्छ झाले ते मोज आणि वहीत लिही. आज सहा असतील. मी असते तर सहाच लिहिले असते आणि झोपले असते.

आधी तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटच्या वरच्या फटीचा फोटो काढ, शेजारी मोजपट्टी धरून. आज संध्याकाळीच पाठव. मी वाट बघते.

तुझी,
आई