बाप जागा असला की पोरं झोपतात

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं एका वाचकाचं पत्र आलं होतं, देवावर भरोसा ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं असं त्यांचं म्हणणं. राग नाही आला, पण डोक्यातनं जाईना. मी काय पास्टर नव्हे, उद्यमनगरात लेथवर काम करतो आणि रविवारी चर्चला जातो, चुकलं तर सांभाळून घ्या.

कोल्हापुरातल्या २००५ च्या पुरात मी नववीत होतो, आमचं घर शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला, म्हणजे पाणी कसं आत येतं ते आम्हाला कुणी सांगायला नको. पप्पांनी संध्याकाळीच सिलेंडर, गहू, कागदपत्रं सगळं माळ्यावर चढवलं आणि स्वतः बॅटरी घेऊन जिन्यात बसले, तासातासाला पाण्याच्या कडेला भिंतीवर खिळ्यानं रेघ मारायचे. आम्ही भावंडं वर गाढ झोपलो. पाणी चढतच होतं हो, पण पप्पा जागे होते ना.

२०१९ च्या पुरात पप्पा नव्हते, खिळा माझ्या हातात आला. राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फूट आणि पंचगंगा नदी ५५ च्या वर गेलेली, हायवे बंद, दूध नाही, पेट्रोल नाही. माझी पोरं वर झोपली होती आणि मी खाली जिन्यात लटलट कापत होतो. तेव्हा कळलं की पप्पापण भ्यालेले असणार. २००५ ला ते रेघ मारताना काहीतरी पुटपुटायचे, मला वाटायचं रेघा मोजतात. ती "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही येशूनं शिकवलेली प्रार्थना होती. जिन्यात बसल्या बसल्या माझ्याही तोंडात तीच आली. त्यात "आमची रोजची भाकर आज आम्हास दे" असं आहे, महिन्याचं रेशन नाही मागितलेलं, फक्त आजचं. आणि सिलेंडर मी आधीच माळ्यावर टाकला होता, जबाबदारीचं विचारत असाल तर.

आता त्या वाचकांचं एक बरोबर आहे, लोक देवाला दुकान करून ठेवतात, हे कर मग मी ते करतो. आमच्यातपण आहेत, उगाच दुसऱ्यांकडं बोट कशाला. पण लेकरू बापाशी असा सौदा करतं का? येशूला पकडलं त्या रात्री त्यानं गेथशेमाने बागेत देवाला "अब्बा" म्हणून हाक मारली, हा प्याला, म्हणजे पुढं येणारं दुःख, माझ्यापासून दूर कर म्हणाला. अब्बा म्हणजे त्यांच्या बोलीत बापाला मारायची हाक. प्याला दूर झाला नाही, दुसऱ्या दिवशी क्रूस. तरी मरताना लूकच्या शुभवर्तमानात तोच परत "हे बापा" म्हणतो. भरोसा म्हणजे मागितलेलं मिळणारच असं असतं तर ही गोष्ट बायबलात ठेवलीच नसती कुणी.

सगळ्यांना बाप हा शब्द गोड लागतो असंही नाही. आमच्या चर्चमधल्या एक ताई पित्या म्हणताना गप्प होतात, त्यांच्या बापानं दारू पिऊन घराची वाट लावली. त्यांना मी काय शहाणपण शिकवणार. त्या बायबलातल्या यशयाच्या पुस्तकाचं ६६ वं प्रकरण वाचतात, आई जशी सांत्वन करते तसं मी तुमचं करीन असं देव म्हणतो तिथं. अंबाबाईच्या गावात हे वेगळं समजवावं लागत नाही.

त्याच यशयात नवव्या अध्यायात, जन्माला येणाऱ्या बाळाला, "सनातन पिता" असं नाव आहे. लहानपणी नाताळात पाठ म्हणायचो, सनातन शब्दाकडं लक्षच नसायचं. पप्पा गेल्यावर तिथंच अडकायला होतं.

गेल्या दिवाळीत घर रंगवलं. रंगाऱ्याला आईनं जिन्यातली तेवढी भिंत सोडायला लावली. पप्पांच्या सात रेघा आहेत, माझ्या त्याच्या बऱ्याच वर, आणि वाकड्या.

आपला,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर