नमुन्याच्या खोक्यात बर्फ आहे का, ते आधी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विषबाधा झाली की मांसपदार्थ तपासायला आधुनिक यंत्रं आणा, अशी मागणी होते. मागणी रास्तच आहे. पण खाद्यपदार्थांच्या प्रयोगशाळेत २६ वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केल्यावर माझं मत असं झालंय, की सुधारणा नमुने बर्फात घालून पाठवतात त्या थर्मोकोलच्या खोक्यापासून सुरू करायला हवी.

मे महिन्यात दापोली भागातून आलेला एक खोका अजून डोळ्यांसमोर आहे. झाकण काढलं तर बर्फाचा पत्ता नाही. कोमट पाण्यात चिकन कबाबची पाकिटं तरंगत होती, एक उसवलेलं होतं. घाट, महामार्गावरची कोंडी आणि उन्हाळा, यांत वाट लागली होती. अशा नमुन्यात जंतूंची मोजणी करून काय उपयोग? ते कारखान्यातले की वाटेत वाढलेले, कोण सांगणार? शिवाय इतर जंतू माजले की सालमोनेला, म्हणजे विषबाधा करणारा एक जंतू, त्यांच्या गर्दीत दबून जातो. आम्ही नमुना नाकारला. ज्या घरातली माणसं आजारी पडली होती, त्यांना उत्तर मिळालंच नाही. ती टोचणी आजही आहे.

तयार मांसपदार्थाच्या २५ ग्रॅममध्ये सालमोनेला अजिबात सापडता कामा नये, असा निकष आहे. तो शोधायचा म्हणजे आधी नमुना पेप्टोनच्या (जंतूंना पोसणाऱ्या) द्रावणात ३७ अंशांवर रात्रभर उबवायचा. गोठवल्यामुळे अर्धमेले झालेले जंतू त्यात सावरतात. मग इतर जंतूंना रोखणारं निवडक द्रावण, मग जंतू वाढवायच्या लालसर माध्यमाची प्लेट. तिच्यावर काळ्या ठिपक्याच्या वसाहती दिसल्या की छातीत धस्स होतं. खात्री करेपर्यंत चार-पाच दिवस जातात. पीसीआरने, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीने, हे काम दिवस-दीड दिवसात उरकतं, पण पहिली उबवण त्यालाही चुकत नाही. ती टाळली तर मेलेल्या जंतूंचा डीएनए सापडू शकतो आणि थोडेसेच जिवंत असतील तर हुकतात. घाईत हा टप्पा गाळणारी प्रयोगशाळा मला नको.

‘नीट शिजवलं की सगळं मरतं’, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. सालमोनेला मरतो, खरंय. पण कच्चं मांस कापलं त्याच विळीवर नंतर कांदा चिरला तर? आणि स्टॅफिलोकोकस या जंतूचं विष उकळूनही जात नाही. लिस्टेरिया हा जंतू तर फ्रिजच्या ४ अंशांतही हळूहळू वाढतो. आपल्याकडे पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, दुकानातल्या फ्रीझरमधला माल वितळून पुन्हा गोठतो. २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती.

कायद्याने अन्न विश्लेषकाला अहवालासाठी १४ दिवस दिले आहेत. तोवर माल विकून, खाऊन संपतो. म्हणून रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नमुन्याची उबवण त्याच दिवशी जिल्ह्यातच सुरू व्हावी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मासळीतले जंतू ओळखणारे हात तिथे आहेत. त्यांना मान्यता आणि साधनं दिली तर मांसाचे नमुनेही तिथे तपासता येतील.

आणि प्रत्येक खोक्यात तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवा. ते महाग नाही. गौरीला तिखटाचा नैवेद्य दाखवायचे दिवस येतील, तेव्हा बाजारात मटण-कोंबडीची झुंबड असेल. निदान त्याआधी एवढं व्हावं.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दापोली