बाई, ‘यावरून काय कळलं?’ या एका प्रश्नासाठी

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

इथल्या इयर इलेव्हनच्या मुलांची सिक्स्थ फॉर्मची पर्सनल स्टेटमेंट्स (प्रवेश अर्जात मुलानं स्वतःबद्दल आणि निवडलेल्या विषयांबद्दल लिहायचा मजकूर) वाचून देण्यात तुमचे किती शनिवार गेले, त्याचा हिशेब तुम्ही कधी सांगितला नाहीत. हे पत्र मुद्दाम उघड लिहितो आहोत. तुम्ही शिकवलेलं पुढच्या वर्षीच्या पालकांपर्यंत पोचावं, आणि ते कुणामुळे पोचलं हेही त्यांना कळावं.

इंग्लंडमधल्या मराठी आईवडिलांचा पहिला घोळ नावांचा असतो, तो तुम्ही आधी निस्तरलात. इयर इलेव्हन म्हणजे वयानं आपली दहावी, आणि सिक्स्थ फॉर्म म्हणजे आपली अकरावी-बारावी. पण आपल्याकडे निकाल हातात आल्यावर अर्ज भरतात. इथे जीसीएसईचा, म्हणजे इयर इलेव्हनच्या शेवटच्या परीक्षेचा, निकाल लागतो ऑगस्टमध्ये आणि अर्ज गेलेला असतो आदल्या हिवाळ्यात. म्हणून जागा मिळते ती अटीवर: गणित घ्यायचं तर गणितात अमुक ग्रेड, एकूण विषयांत तमुक. ग्रेड ९ ते १ अशा उतरत्या असतात. ए-लेव्हल (सिक्स्थ फॉर्ममधला दोन वर्षांचा विषय) गणितासाठी बऱ्याच ठिकाणी ६ किंवा ७ मागतात, फर्दर मॅथ्स या गणिताच्या जादा विषयासाठी त्याहून वर. या अटी आधी वाचायच्या आणि मगच कागदाला हात लावायचा, हा तुमचा पहिला नियम. अटीत न बसणाऱ्या विषयाबद्दल कितीही सुंदर लिहिलं तरी ते वाया जातं.

स्टेटमेंटचं वजन सगळीकडे सारखं नसतं, हे इतक्या स्पष्टपणे आम्हाला दुसऱ्या कुणी सांगितलं नव्हतं. सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळांच्या सिक्स्थ फॉर्मला स्कूल ॲडमिशन्स कोड, म्हणजे प्रवेशाचे सरकारी नियम, लागू असतो. त्या कोडनुसार विषयांबद्दल बोलायला मुलाला बोलावता येतं, पण त्या भेटीवरून जागा द्यायची की नाही हे ठरवता येत नाही. मुलाचे छंद पाहून प्राधान्य देण्यालाही मनाई आहे, धार्मिक शाळांना फक्त धार्मिक उपक्रम विचारात घेता येतात. अशा ठिकाणी स्टेटमेंटचा खरा उपयोग विषय नीट निवडलेत का हे तपासायला होतो. शाळेला न जोडलेली स्वतंत्र सिक्स्थ फॉर्म कॉलेजं आणि खासगी शाळा या कोडखाली येत नाहीत, तिथे स्टेटमेंट आणि मुलाखत जास्त मोजली जाऊ शकते. हे कळल्यावर पदकांची यादी जोडण्याची घाई आपोआप कमी होते.

आणि मग तुमचा तो प्रश्न. प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीनं लिहिलेला: ‘यावरून काय कळलं?’

‘मला लहानपणापासून रसायनशास्त्राची आवड आहे.’ यावरून काय कळलं? काहीच नाही, कारण हे वाक्य गठ्ठ्यातल्या पन्नास अर्जांत असतं. त्याच मुलीनं लिहावं, की टायट्रेशनमध्ये (एका द्रावणात दुसरं थोडं थोडं सोडून रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचा प्रयोग) तिची पहिली मोजणी पुढच्यांशी जुळेना. रंग बदलायच्या सुमारास तोटी आवळून थेंब थेंब सोडल्यावर दोन मोजण्या ०.१ घनसेंटिमीटरच्या आत आल्या, आणि पहिली मोजणी अंदाजापुरती धरून सरासरीतून का वगळतात हे तिला तेव्हा पटलं. आता वाचणाऱ्याला तीन गोष्टी कळतात: प्रयोग तिनं स्वतः केला, चूक कुठे होती ते शोधलं, आणि पद्धतीमागचं कारण समजून घेतलं. आवड आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

अशी वाक्यं सुचत नाहीत, ती आधी गोळा करावी लागतात. त्यासाठी तुम्ही आखून दिलेलं चार रकान्यांचं पान आजही घरोघरी फ्रिजवर लावलेलं आहे: विषय, नेमकं काय केलं, कुठे अडलं, त्यातून काय समजलं. प्रत्येक विषयाला निदान तीन ओळी. तिसरा रकाना रिकामा राहिला तर मूल अजून वरवरचं सांगतं आहे असं समजायचं. पान भरायला आठवडाभर द्यायचा आणि त्या आठवड्यात एकही वाक्य लिहायचं नाही. आमच्या मते तुमच्या सगळ्या सूचनांत ही सर्वांत मोलाची, आणि सर्वांत जास्त टाळली जाणारी.

शब्दांची वाटणीही पक्की होती. मर्यादा ५०० शब्दांची असेल तर सुमारे ३०० निवडलेल्या विषयांना, १२० वर्गाबाहेरच्या कामांना, ६० पुढच्या विचाराला आणि उरलेले सुरुवातीला. तीन ए-लेव्हल म्हणजे विषयाला शंभर शब्द, त्यात एकच प्रसंग मावतो आणि एकच पुरतो. फॉर्मवर २००० कॅरेक्टर्स असं लिहिलं असेल तर ते इंग्रजीत सव्वातीनशे-साडेतीनशे शब्द भरतात, कारण मोकळ्या जागाही मोजल्या जातात. तेव्हा आधी उपक्रम कापायचे, विषय नाही.

सायकॉलॉजी, इकॉनॉमिक्स, सोशियोलॉजी हे विषय बहुतेक मुलं शाळेत शिकलेलीच नसतात. तिथे ‘नवीन काहीतरी करायचं आहे’ हे कारण लंगडं पडतं. तुम्ही मुलांना थेट अभ्यासक्रम उघडायला लावलात. सायकॉलॉजीच्या ए-लेव्हलमध्ये निदान १० टक्के गुण गणिती कौशल्यांना असतात, इकॉनॉमिक्समध्ये निदान २०, फिजिक्समध्ये निदान ४०. हे माहीत असलेलं मूल ‘मला माणसांशी बोलायला आवडतं’ एवढ्यावर थांबत नाही. भूगोलाच्या फील्डवर्कमध्ये नमुना कसा निवडला, आलेख का तसा आला, हे ते सायकॉलॉजीशी जोडून दाखवतं. ज्या मुलांचा कल हातानं काम करण्याकडे आहे त्यांना तुम्ही टी लेव्हल हा व्यवसायाचं शिक्षण देणारा अभ्यासक्रम समजावलात: एक टी लेव्हल तीन ए-लेव्हलच्या तोडीची, आणि त्यात निदान ३१५ तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी. आपल्या घरांत हा पर्याय जरा खालचा मानतात. तुम्ही तो समज हळुवारपणे काढलात, याचे वेगळे आभार.

आता आपल्या मराठीबद्दल. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दू यांची जीसीएसई आहे, मराठीची नाही. त्यामुळे शनिवारच्या मराठी शाळेत घातलेली वर्षं ग्रेडच्या रकान्यात उमटत नाहीत. त्यांना जागा आहे ती या स्टेटमेंटमध्येच. पण ‘मी मराठी बोलतो’ एवढ्यानं वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. लहान मुलांच्या वर्गात मदत केली असेल तर किती मुलं, आठवड्याला किती वेळ, आणि एखाद्याला ‘ळ’ म्हणता येईना तेव्हा काय करून पाहिलं, हे लिहायचं. ढोलपथकाचंही तसंच. वाचणाऱ्या शिक्षकाला पथक म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून पाच-सात शब्दांत ओळख आणि मग काम: नव्यांना ठेका शिकवला, सरावाची हजेरी ठेवली, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून सरावाची वेळ बदलून घेतली. ड्यूक ऑफ एडिनबरा ब्राँझ, म्हणजे समाजसेवा, कौशल्य, व्यायाम आणि पायी मोहीम पूर्ण केल्यावर मिळणारा पुरस्कार, इथे पुष्कळ मुलांकडे असतो. त्याचं नुसतं नाव न घेता मोहिमेत वाट चुकल्यावर नकाशा कुणी आणि कसा वाचला, ते.

इयर नाइन-टेनमध्ये पुण्याहून, नाशिकहून थेट इथे आलेल्या मुलांसाठी तुम्ही दोन वाक्यांची जागा राखून ठेवलीत. कोणत्या महिन्यात आले, आधी कोणतं बोर्ड होतं, इथल्या अभ्यासक्रमातलं काय शिकायचं राहून गेलं आणि ते कसं भरून काढलं. तक्रारीचा सूर नाही, दयेची मागणी नाही. ग्रेड कमी का दिसतात हे वाचणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही, तर तो ते ओळखणार कसं?

पालकांना तुम्ही एकदा थेट बोललात, ते बरं केलंत. आईनं किंवा बाबांनी लिहिलेलं स्टेटमेंट दुसऱ्या ओळीत ओळखू येतं: शब्द जड, वाक्यं लांब, आणि डॉक्टर होण्याचं स्वप्न मुलापेक्षा घराचं जास्त. एआयकडून लिहून घेतलेलंही तसंच, गुळगुळीत आणि प्रसंगाविना. पुढे भेटीत शिक्षक त्यातल्याच एका ओळीवर बोट ठेवून ‘जरा सांग बरं’ म्हणतात, तेव्हा मूल गप्प होतं. पालकांनी काय करायचं? प्रश्न विचारायचे, शेवटी स्पेलिंग पाहायचं आणि वेळेत झोपायला लावायचं, एवढंच तुम्ही सांगितलंत. विद्यापीठाच्या यूकॅस अर्जाचे नमुने नेटवरून उतरवू नयेत हेही तेव्हाच बजावलंत. तिथे ४००० कॅरेक्टर्स आणि आता तीन स्वतंत्र प्रश्न, इथला हेतूच वेगळा.

शेवटच्या दिवसाची तुमची तपासणीही इथे नोंदवून ठेवतो. मजकूर आधी वेगळ्या फाइलमध्ये लिहायचा, कारण पोर्टल मध्येच लॉगआउट करतं. चिकटवल्यावर परिच्छेद आणि ठिपके मोडतात, म्हणून पुन्हा वाचायचं. दोन-तीन ठिकाणी अर्ज करताना पहिल्या शाळेचं नाव दुसरीच्या अर्जात राहून जातं, ते शोधायचं. पाचशे शब्द मोठ्यानं वाचायला साधारण चार मिनिटं लागतात. जिथे श्वास अडकतो ते वाक्य तोडायचं. आणि प्रत जपून ठेवायची, भेटीच्या आदल्या दिवशी तीच वाचायची असते.

बाई, मुलांच्या कच्च्या खर्ड्यांवर तुम्ही लाल पेन कधीच वापरलं नाहीत, कायम पेन्सिल. खोडून पुन्हा लिहिता यावं म्हणून. ते खर्डे मुलांनी टाकलेले नाहीत. यंदा इयर इलेव्हनला गेलेल्या धाकट्यांना ते दाखवायचे ठरले आहेत, तुमच्या प्रश्नांसकट.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपले कृतज्ञ,
इयर इलेव्हनच्या मुलांचे पालक