जिजी, तुमच्या उसन्या पिठाबद्दल

जिजी, हे तुम्हाला तुमचा नातू वाचून दाखवेल म्हणून इथं लिहितेय, समोर बोलायला गेलं की तुम्ही लगेच चहा ठेवायला उठता.

३१ ऑगस्ट २०२१. तितूर आणि डोंगरी, दोन्ही नद्या एकाच रात्रीत चढल्या आणि चाळीसगावात आमच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं. ओसरल्यावर मी आधी कोठी उघडली, तर वर्षाची दादर ज्वारी भिजून फुगलेली, आंबूस वास सुटलेला. शेगडीत गाळ, सिलेंडरचा पत्ता नाही, तिकडं कन्नडचा घाट दरडी कोसळून बंद. लोक मदतीला धावले हे अगदी खरंय, पण खिचडीच्या गाड्या सगळ्या दुपारी एकाच टायमाला आणि सगळ्या मेन रोडला, तिथं उरलेली खिचडी संध्याकाळी आंबून गेली आणि आमच्या आतल्या गल्लीत पोरं बिस्किटावर झोपली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही नातवाची वही घेऊन चिखल तुडवत आल्या. कोणाकडं तान्हं लेकरू, कोणाची चूल पेटते, कोणाच्या माळ्यावर धान्य कोरडं राहिलंय, कोणाकडं तेल, सगळं लिहून घेतलं. आपल्या चक्कीची मोटर पाण्यात गेलेली म्हणून दळण पार दुसऱ्या टोकाला पाठवलं. मग तुमच्या ओट्यावर चूल, पाच घरच्या बायका आळीपाळीनं भाकरी थापायला, आणि पहिलं दूध लेकरांना. सहा दिवसांनी पोळा, ज्यांची गुरं वाहून गेली त्यांच्या घरी तुम्ही स्वतः जाऊन बसल्या, ते मी विसरणार नाही.

मला मात्र पीठ मागवत नव्हतं, कधी कोणापुढं भांडं धरलं नव्हतं हो. तुम्ही डबा भरला, वरचं पीठ बोटानं सपाट केलं आणि म्हणाल्या, "ले माय, उसनं समजी ले." तेवढ्या एका शब्दानं मी ताठ मानेनं घरी आले आणि भाकरी टाकली.

पुढं नवी दादर निघाल्यावर तोच डबा भरून आणला, तर तुम्ही 'राहू दे' म्हणाल्या नाहीत. तसंच बोट फिरवून पीठ सपाट केलं आणि आपल्या पिंपात ओतून घेतलं. जिजी, दिल्याबद्दल आणि परत घेतल्याबद्दल, दोन्हीचे मनापासून आभार.

भरताची वांगी निघालीत. रविवारी जेवायला या, ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी करते.