कबुली वेगळी, सौदा वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवा नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाच्या फाटकाबाहेर चहा घेताना एक गृहस्थ ठासून सांगत होते, "अमेरिकेत पुढारी गुन्हा कबूल करतो म्हणजे सेटिंगच! आपल्याकडेही तसंच करा, खटले तरी संपतील." उभा जन्म कोर्टाच्या फायलींत गेलेल्या माझ्यासारख्याला गप्प बसवेना.

कबुली द्यायची ती न्यायाधीशांपुढे. सौदा, म्हणजे कबुलीच्या बदल्यात सूट, ठरतो त्याआधी, सरकारी वकिलाशी. सौद्याशिवायही कबुली देता येते, पण मग शिक्षेत सूट मिळेल याची हमी नाही.

सौदा म्हणजे वाईटच, असंही नाही. सरकारच्या पदरात काय पडलं, ते पाहावं. जानेवारी 2006 मध्ये वॉशिंग्टनचा लॉबिस्ट (पैसे घेऊन खासदारांकडे लोकांची कामं पुढे रेटणारा) जॅक अब्रामॉफ याने गुन्हे कबूल करताना तपासाला मदत करायचं मान्य केलं. त्याच प्रकरणात त्याच वर्षी ओहायोचे खासदार बॉब ने यांच्यावर कबुलीची वेळ आली आणि पुढे अडीच वर्षांची शिक्षा झाली. उलट 1973 मध्ये अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पिरो अ‍ॅग्न्यू यांच्यावर आरोप लाचेचे. कोर्टात उरला करचुकवेगिरीचा एकच. तोही, गुन्हा कबूल असं न म्हणता, 'लढवत नाही' एवढं म्हणून मिटला. राजीनामा, 10,000 डॉलर दंड, तुरुंग नाही! मात्र लाचेच्या पुराव्याचं 40 पानी निवेदन सरकारने त्याच दिवशी कोर्टात उघड केलं. त्या सगळ्या व्यवहारात मला मोलाचं वाटतं ते एवढंच.

आपल्याकडे असा कबुलीचा सौदा, म्हणजे प्ली बार्गेनिंग, 2006 पासून आहे, पण सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. लोकसेवकाच्या बेहिशेबी मालमत्तेला दहा वर्षांपर्यंत शिक्षा, म्हणून तिथे हा मार्ग बंद. (माफीचा साक्षीदार ही जुनी सोय आहेच, पण त्याला सगळं खरं सांगावं लागतं.) ही मर्यादा उठवायला माझी हरकत आहे. समझोत्याच्या बैठकीला आरोपी, सरकारी वकील, तपास अधिकारी आणि पीडित बसतात. रस्त्याच्या कामात टक्केवारी खाल्ली तर पीडित कोण? सिडकोपासून सातपूरपर्यंत खड्ड्यांत आपटणारे सगळेच. त्यांच्या वतीने त्या खुर्चीवर कोण बसणार?

उद्या मर्यादा उठवायचीच ठरली, तर निदान पुरावा भर कोर्टात वाचला जावा आणि वरच्या माणसाचं नाव, पुराव्यासह, दिल्यावरच सूट मिळावी. नाहीतर लाचेच्या सापळ्यात, नोटांवरच्या पावडरीने, हात गुलाबी होणार कारकुनाचे, कबुलीही तोच देणार, आणि ज्यांच्यासाठी पैसे घेतले ते साहेब पुढच्या निवडणुकीचा अर्ज भरायला मोकळे.

आपला,
एक निवृत्त शिरस्तेदार
पंचवटी, नाशिक