मंगळवारी फोन का लागत नाही

ती. आई-बाबा,
सा. न.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतंय, खोकला कधीच गेला. मंगळवारी फोन का लागत नाही म्हणून ताईने दोनदा विचारलं तर सांगूनच टाकतो, मंगळवारी संध्याकाळी मी गाड्या पळवायला जातो. खऱ्या नाही, तळहाताएवढ्या, स्लॉट कार म्हणतात त्यांना. आई, लगेच कपाळाला हात लावू नकोस, तिथे सगळ्यात लहान मीच, बाकी साठीपुढचे रिटायर्ड काका लोक आहेत.

बाबा, तुम्हाला पटकन कळेल. लाकडी ट्रॅकवर खाच, खाचेच्या दोन्ही बाजूंनी तांब्याची पट्टी, त्यात 12 व्होल्ट डीसी. गाडीच्या पोटाखालचं पातं खाचेत बसतं आणि तांब्याच्या बारीक वेण्या पट्टीवर घासत मोटरला करंट देतात. स्टिअरिंग नाहीच, हातात फक्त ट्रिगर, दाबला की पळते, सोडला की मोटर शॉर्ट होऊन स्वतःच ब्रेक लावते. वळणावर जरा जास्त दाबला की गाडी खाच सोडून थेट जमिनीवर. गाड्या 1:32 मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तीसाव्या हिश्शाएवढ्या. फ्रेड फ्रान्सिस म्हणून एकजण चावीच्या पत्र्याच्या गाड्या बनवायचा, 1957 ला त्यानेच मोटरवाल्या बाजारात आणल्या, स्केलेक्स्ट्रिक नावाने. त्याचा कारखाना इथे इंग्लंडातच हॅवंटला होता, पोर्ट्समथहून ट्रेनने पंधरा मिनिटं. पहिल्या दिवशी मोटर तापल्यावर जो वास आला ना, डिट्टो आपलं दुकान, शेतीपंप टेस्टिंगला लावल्यावर येतो तो.

एक गोष्ट मात्र मला अजून झेपली नाही. स्वतःची रेस संपली की चहाला पळायचं नाही, वळणावर उभं राहून दुसऱ्यांच्या पडलेल्या गाड्या उचलून परत खाचेत ठेवायच्या. याला मार्शलिंग म्हणतात. म्हणजे मघाशी ज्याने आपल्याला हरवलं त्याचीच गाडी आपण धावत जाऊन उचलायची, आणि मुद्दाम हळू नाही हं, पटकन. गाडी पडली की मालक सॉरी म्हणतो, उचलणारा पण सॉरी म्हणतो. एकदा मी लाल लेनची गाडी घाईत निळ्या खाचेत ठेवली, ती निळ्यावाल्याच्या ट्रिगरवर सुसाट सुटली आणि भिंतीला. लालवाला बिचारा त्यामुळे हरला, आणि वर मलाच सॉरी म्हणाला! आपल्याकडे गल्लीत क्रिकेटला असं झालं असतं तर बॅट कुठे गेली असती ते तुम्हीच सांगा.

खर्चाचं म्हणाल तर गाडी एकच, ती पण सेकंडहँड, दारू-सिगरेटपेक्षा बरं की नाही. आणि रूमवर एकटा बसून असतो असं पण नाही आता.

स्लॅबचे पैसे पाच तारखेला पडतील, बाबांनी दुकानातले काढू नयेत. गणपतीला यंदाही जमत नाही, सुट्टी मागितली होती, खरंच मागितली होती. जयसिंगपूरच्या स्थळाचा फोटो बघितला, नंबर पाठवा, बोलतो, मंगळवार सोडून कधीही. बाबा, दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी माझी वाट बघत बसू नका, मागच्या वेळीही ताईच होती सोबत, मला माहितीये. दुकानात बारीक गेजची तार उरली असेल तर मात्र टाकू नका, डिसेंबरला एक मोटर तुमच्याकडून रिवाइंड करून घ्यायचीये. केसाएवढी तार आहे, म्हणून तो डोळा आधी करून घ्या.

तुमचा,
पिंट्या