मॅरियटला वगळून कसे चालेल?

महोदय,
शिडाच्या जहाजांवरील इंग्रजी कादंबऱ्यांविषयीचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख रंजक आहे. मात्र हा प्रकार विसाव्या शतकात जन्मला, हे विधान पटले नाही. त्याच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकातच कॅप्टन फ्रेडरिक मॅरियट अशा कादंबऱ्या लिहीत होता. १८०६ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी तो ब्रिटिश नौदलात शिरला आणि धाडसी कप्तान थॉमस कॉक्रेनच्या हाताखाली ‘इम्पीरियस’ या फ्रिगेटवर (वेगवान युद्धनौकेवर) घडला. पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धातही तो लढला. व्यापारी जहाजांसाठी त्याने १८१७ मध्ये तयार केलेली निशाणांची संकेतावली पुढे अनेक दशके वापरात होती. ‘मिस्टर मिडशिपमन ईझी’ (१८३६) या त्याच्या कादंबरीतील वादळे, चकमकी आणि पोरसवदा अधिकाऱ्यांच्या खोड्या अशा माणसाच्या लेखणीतून उतरल्या आहेत. नंतरच्या लेखकांना जे दप्तरे चाळून मिळवावे लागले, ते याने डेकवर उभे राहून पाहिले होते. त्याचा विनोद धसमुसळा आहे, काही वंशभेदी शेरे तर आज वाचवत नाहीत. ती टीका जरूर व्हावी, पण लेखात त्याचे नावही नसावे?

– एक वाचक, मालवण